काटा खूश, बार्शी गप्प

आमच्या गच्चीवर एक तार आहे. मधोमध लोखंडी पाईप, पाईपच्या टोकाला प्लास्टिकचा डबा, आणि डब्यातून दोन बाजूंना उतरत गच्चीच्या कोपऱ्यांपर्यंत गेलेली तांब्याची तार. लांबून पाहिलं तर कुणीतरी तंबू ठोकायला घेतला आणि कापड आणायला विसरला असं वाटतं. सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत नव्याने राहायला आलेल्या बायकांना ती कपडे वाळत घालायची तार वाटते. एवढ्या उंचावर कपडे वाळत घालणारी म्हातारी किती उंच असेल, असा विचार त्या करत असणार. करू देत.

ती माझी अँटेना. मी हौशी रेडिओवाली आहे. म्हणजे सरकारची परीक्षा देऊन लायसन घेतलेली, घरात सेट मांडून, हवेतून दुसऱ्या लायसनवाल्यांशी बोलणारी बाई. नातीने शाळेत "माझी आजी वायरलेसवर असते" असं सांगितलं, तेव्हा तिच्या बाईंनी "पोलिसात का?" असं विचारलं आणि कारटीने "हो" म्हणून टाकलं. तेव्हापासून त्या बाई रस्त्यात भेटल्या की मला जरा जास्तच वाकून नमस्कार करतात. मीही खुलासा केलेला नाही.

हा नाद घरात आणला आमच्या ह्यांनी. ह्यांनी मला शिकवलं, बार्शीला दिलेल्या आपल्या धाकट्या बहिणीला शिकवलं, आणि आम्हा नणंद-भावजयींना जिल्हाभर ऐकू जाईल अशी भांडायची सोय करून देऊन स्वतः पुढे निघून गेले. रोज सकाळी चहा झाला की सात मेगाहर्ट्झवर आम्ही जमतो. बार्शीहून वन्सं, केमहून एक निवृत्त स्टेशनमास्तर, इथून मी. आणखी एक-दोघं येऊन-जाऊन असतात. बार्शीत ढग आलेत का, केमला गाडी वेळेवर होती का, कुणाचा गुडघा कसा आहे, एवढंच. "त्यासाठी फोन आहे की," असं मुलगा म्हणतो. आहे. पण रेडिओवर एक जण बोलत असला की बाकीच्यांना गप्प बसावंच लागतं. आमच्या घराण्यात ही सोय दुसरीकडे कुठेही नाही.

तर यंदा पावसाळा सरला आणि मला कुणी उत्तर देईना.

मी बोलावते, आणि पलीकडे शांत. शांत म्हणजे माझ्यापुरतं शांत. त्यांचं आपसातलं सगळं मला ऐकू येत होतं. वन्सं केमच्या मास्तरांना हुलग्याच्या माडग्याची कृती सांगत होत्या, ती चुकीची सांगत होत्या, आणि मला मध्ये पडता येत नव्हतं. यासारखी शिक्षा नाही. मी वन्संना फोन लावला.

"वन्सं, सकाळी मी तुम्हाला किती हाका मारल्या!"

"कुटं? आमाला कायबी ऐकू आलं न्हाय. मला वाटलं, तुमी बंद केलं."

"बंद कशाला करीन?"

"वय झालं म्हणून."

वन्सं माझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहेत.

दुसऱ्या आठवड्यात तर कहर झाला. केमचे मास्तर सभ्य गृहस्थ, हळहळून म्हणाले, "सोलापूरच्या ताईंचा आवाज खणखणीत होता हो." होता! मी माईकचं बटण दाबून ओरडले, "आहे! आहे!" मास्तर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "बार्शी, तुमचं काय म्हणणं? ओव्हर." बसल्या जागी स्वतःची शोकसभा ऐकायला मिळणं हे फार थोड्यांच्या नशिबी येतं. मी तरी सांगते, त्यात मजा नाही.

आता अशा वेळी रेडिओवाला माणूस आधी काय करतो? दुसऱ्याला दोष देतो. पहिला दोष हवेला. वर आकाशात एक थर असतो, त्यावर आपटून आमचा आवाज खाली येतो; तो थर बिघडला असणार. पण तोच थर बार्शीचा आवाज माझ्याकडे नीट आणत होता, तेव्हा ते जमेना. मग दोष माईकला. तो उघडून पुसला, दुसरा लावून पाहिला. मग मुलाने दोष माझ्या गळ्याला दिला. "आई, तुझा आवाज हल्ली बारीक झालाय." आवाज बारीक झाला म्हणून बार्शीपर्यंत जात नाही असं मानणारा हा मुलगा इंजिनिअर आहे. सिव्हिलचा आहे, पण तरी. तरीही मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी अशी काही बोलले, की शेजारच्या घरातून विचारणा झाली, "काकू, कुणी पडलं का?"

अँटेनावर मात्र मला संशय नव्हता. कारण काटा खूश होता.

हा काटा काय ते सांगायला हवं. सेट वीज पाठवतो, केबल ती वर नेते. अँटेनाशी सेटचं जमलं तर ती सगळी वीज घेते आणि हवेत सोडते. या जमण्याला आम्ही मॅचिंग म्हणतो, आणि ते पत्रिका जुळण्यापेक्षा अवघड असतं. नाही जमलं, तर अँटेना आलेल्यातलं काही त्याच केबलने परत पाठवते. न पटलेला आहेर परत करावा तसा. सेटशेजारचा मीटर हा परत आलेला आहेर मोजतो. काटा वर चढला, तर आहेर परत येतोय. काटा तळाशी निजला, तर एकास एक, पत्रिका जुळली, वाजवा रे वाजवा.

तिशीतली मी या काट्यापायी वेडी होते. त्या बाईचं आणि माझं आता फारसं पटत नाही. ती सेटवर बसायची तेव्हा पदराला पिन लावून बसायची, जसं काही पलीकडच्याला दिसणार आहे. काटा जरा वर दिसला की पक्कड घेऊन गच्चीवर, तार वीतभर काप, खाली ये, पुन्हा बघ. जास्त कापली गेली की तुकडा जोड. एका उन्हाळ्यात आमच्या तारेला इतके जोड झाले होते, की हे म्हणाले, "अगं, ही अँटेना आहे की गोधडी?" दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा होते, तेव्हा सेट राहायचा बाजूला आणि झेंडूचं मोठं फूल त्या मीटरला. हे मात्र काट्याच्या नादी फारसे लागले नाहीत. आमच्या गच्चीवर काटा नेहमी एकास दोनच्या आसपास, म्हणजे तळापासून जरा वरच, राहायचा. बाजूच्या घराची पाण्याची टाकी, लोखंडी जिना, कशाकशामुळे. ह्यांचं म्हणणं, "असू दे. बोलते ना? मग झालं."

तर यंदा पावसाळ्यानंतर तोच काटा तळाला जाऊन निजला होता. इतक्या वर्षांत कधी नाही इतका. मी खूश. आवाज पोचत नाही हे दुःख एकीकडे, पण काटा काय सुरेख! मनात म्हटलं, म्हातारपणी अँटेनाही समजूतदार झाली.

आणि त्याच सुमारास मुलाने विषय काढला. गच्चीवर सोलर पॅनेल बसवायची होती, सोमवारी माणसं येणार होती, आणि आमचा पाईप बरोबर मधोमध.

"त्याची सावली पडते, आई."

"मग?"

"बार्शीला ऐकू जात असतं तर मी बोललोच नसतो. पण आता ते नुसतंच उभं आहे. सेट आपण एखाद्या कॉलेजला देऊ. मुलं शिकतील."

मुलगा वाईट नाही. त्याने हे फार हळू आवाजात सांगितलं, आणि तेच मला लागलं. आपल्याशी कुणी हळू बोलायला लागलं की समजावं, आपलं सामान आवरायला घेतलंय.

"रविवारी बार्शीने मला उत्तर दिलं तर?" मी म्हटलं.

"तर पाईप राहील."

"शब्द?"

"शब्द. पण आई, महिना झाला..."

"रविवार अजून यायचाय," मी म्हटलं, आणि रागारागाने सेटसमोर जाऊन बसले. बोलायला कुणी नव्हतं म्हणून मीटरकडेच बघत बसले. बटण दाबलं, काटा निजलेला. सोडलं, निजलेला. कितीतरी वेळ तो निवांत काटा बघत होते, आणि मग मला एक साधी गोष्ट विचारावीशी वाटली, जी महिनाभर वाटली नव्हती. हा सुधारला कशामुळे?

तार मी कापली नव्हती. पाईप हलवला नव्हता. शेजारची टाकी तिथेच होती. या घरात काहीही न करता आपोआप सुधारलेली एकही गोष्ट मी पाहिलेली नाही. मुलगाही नाही. मग अँटेनालाच एवढी अक्कल कुठून आली?

परत आहेर येत नाही, एवढंच तर काटा सांगतो. पोचला, असं तो कुठे म्हणतो?

आणि मला ती तिशीतली बाई आठवली. ह्यांनी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात तेल भरून त्यात एक रेझिस्टर बुडवून ठेवला होता. ती खोटी अँटेना. सेट दुरुस्त करताना हवेत गोंगाट करायचा नाही म्हणून केबल त्या डब्याला जोडायची. डबा सगळी वीज पितो आणि नुसता गरम होतो. एकदा हे कामावर असताना बाईंनी सेट लावला. काटा तळाला! एकास एक! बाईंना वाटलं, आपल्या कापाकापीला फळ आलं. मग काय, पिन नीट केली आणि अख्खी दुपार जगाला हाका मारल्या. कुणी उत्तर देईना तर म्हणाली, "लोकांना शिस्त नाही." हे घरी आले, टेबलाखाली बघितलं आणि म्हणाले, "डब्याशी काय बोलत होतीस एवढं?" डबा भाकरी भाजता येईल इतका तापला होता.

म्हणजे अँटेनाशी जमलं तरी काटा निजतो, आणि वाटेत कुणी सगळं खाऊन टाकलं तरी निजतो! मी ताडकन उठले. या वयात ताडकन उठलं की आधी गुडघा ताड करतो, पण उठले.

याची परीक्षा सोपी आहे. केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवायचं. केबल धडधाकट असेल, तर वर घ्यायला कुणीच नाही म्हटल्यावर सगळाच्या सगळा आहेर परत यायला हवा. काटा उडी मारून वर जायला हवा. शनिवारी सुट्टी होती, मुलगा घरी होता. त्याला गच्चीवर पाठवलं. आमचा पाईप खाली बिजागरीवर आहे, बोल्ट काढला की अलगद आडवा होतो. सून जिन्यात मधे उभी राहिली, निरोप पोचवायला. ती अक्कलकोटची, मला आत्या म्हणते, आवाज दणदणीत. तिला माईक लागत नाही.

"सोडलं म्हणतायत!" ती ओरडली.

"हात लांब घ्यायला सांग तारेपासून!"

"अहो, हात घ्या म्हणतायत आत्या! घेतला!"

मी वीज अगदी कमी केली आणि बटण दाबलं. काटा निजलेला. पुन्हा दाबलं. कूस बदलायलाही तयार नाही. मांडवातून नवरी उठून गेली होती, आणि वऱ्हाड निवांत जेवत होतं.

"काय झालं?" जिन्यातून आवाज.

"केबल चोर आहे!" मी म्हटलं. इतका आनंद मला चोरी सापडल्याचा कधी झाला नव्हता.

मी गच्चीवर पोचले तेव्हा मुलगा आडव्या पाईपशेजारी उकिडवा बसला होता आणि सून त्या टोकाच्या डब्याकडे बघत होती. या डब्यात केबल आणि तारेचा सांधा असतो, पाऊस लागू नये म्हणून. ह्यांनी लावलेला मूळचा डबा आमच्या सोलापूरच्या उन्हाने तडकला, तेव्हा दोन वर्षांमागे मीच दुसरा बसवला होता.

"आत्या," सून म्हणाली, "हा तर आपल्या शेंगाचटणीचा डबा."

"मग? धुतला होता मी."

"शेंगाचटणीचा डबा धुऊन वास जातो होय?" तिने वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरला. दोन वर्षं उन्हापावसात राहूनही भाजलेल्या शेंगदाण्याचा, लसणाचा आणि तिखटाचा वास जसाच्या तसा. भाकरी असती तर टेकवली असती. भोकाच्या कडा कुरतडलेल्या होत्या, दातांच्या बारीक खुणा ओळीने, आणि भोकातून निघणाऱ्या केबलचं काळं साल वीतभर सोललेलं.

"अय्यय्यो," सून म्हणाली. "खार!"

शेजारच्या कडुनिंबावर त्यांचं कुटुंबच्या कुटुंब आहे. बिचाऱ्या दाणे शोधत आल्या, डबा फुटेना, म्हणून केबल खाल्ली. जगात पुष्कळ लोक अँटेना लावतात, पण खारींना आमंत्रण देऊन सोलापुरी माणसानेच लावावी. त्या सोललेल्या जागेतून पावसाळाभर पाणी आत उतरलं. आम्ही केबल कापली, तर आतली तांब्याची जाळी काळी पडलेली, बोटाला हिरवी पूड लागत होती, आणि गॅलरीपाशी केबल वळते तिथून चक्क पाणी ठिबकलं. सेटने पाठवलेली वीज वाटेतच मुरत होती. जे थोडं वर पोचायचं, त्यातलं परत येताना उरलंसुरलंही मुरायचं. म्हणून काटा खूश.

"पण मग तुला त्यांचं ऐकू कसं यायचं?" मुलाने विचारलं. पहिल्यांदाच त्याने या तारेबद्दल काही विचारलं, म्हणून मी शांतपणे उत्तर दिलं. ऐकू हळूच यायचं. पण बार्शीबरोबर हवेतला खरखराटही तेवढाच हळू झाला होता, त्यामुळे बार्शी स्वच्छच वाटायची. मी समजले, कान गेले, आणि आवाजाचं बटण वाढवलं.

नवी केबल शनिवारी दुपारी कुठून आणणार? रेडिओची चांगली केबल पुण्याहून मागवावी लागते. पण टीव्हीची केबल प्रत्येक गल्लीत मिळते, आणि आमच्यासारख्या साध्या तारेला तीही चालते. फक्त आतली जाळी तांब्याची हवी. अॅल्युमिनियमला डाग देता येत नाही. मी मुलाला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने एक गुंडाळी काढली, मी टोक सोलून बघितलं, नको. दुसरी, नको. तिसरी सोलली तेव्हा तो म्हणाला, "अम्मा, डिश लगाना है ना?"

"नाही, बार्शी लावायचीय."

तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा पंख्याकडे बघायला लागला. शेवटी माळ्यावरून धुळीने भरलेलं एक जुनं वेटोळं निघालं, त्यात तांबं होतं. दुकानदार ते मोजताना म्हणाला, "इत्ती पूछताछ तो लडकी देखने को भी नै करते लोगां."

"म्हणून तर नंतर एवढी भांडणं होतात," मी म्हटलं.

संध्याकाळी सांधा पुन्हा केला. डाग मी दिला, हात थरथरतो म्हणून मनगट मुलाने धरलं. डबा सुनेने दिला, हिंगाचा. हिंगाला खार तोंड लावत नाही असं तिचं म्हणणं. मला यातलं काही माहीत नाही, पण बघायचं आहे. वरून रबरी टेप गुंडाळला, केबलला डब्याखाली एक वळण दिलं, म्हणजे पाणी वळणावरून खाली गळेल, आत शिरणार नाही.

रविवारी सकाळी पाईप उभा केला आणि सेट लावला. मुलगा खुर्चीमागे उभा. बटण दाबलं आणि काटा वर आला. एकास दोनच्या जरा अलीकडे.

"आई, हा तर वर आहे," तो घाबरून म्हणाला. "काल बरा होता."

तिशीतली बाई असती तर पक्कड घेऊन पळाली असती. मी त्याला म्हटलं, "काहीतरी परत आलं म्हणजे वर कुणीतरी आहे. गप्प बस."

मास्तरांचं बोलणं चालू होतं. संपेपर्यंत थांबले. मग माझं सांकेतिक नाव सांगितलं आणि बार्शीला हाक मारली. बटण सोडलं. खरखर. नुसती खरखर. पुन्हा बोलावलं. मागे मुलाने उभ्या उभ्या पाय बदलला तेही ऐकू आलं. खरंच सांगते, तेवढ्या वेळात मी मनाने सेट कॉलेजला देऊन, पाईप भंगारवाल्याला घालून आले होते.

"वहिनी?" सेट म्हणाला. "अगं बया! वहिनी, तुमीच का? पर वरडू नका की! हितं लई मोठ्यानं येतंय, कान गेला माझा. ओव्हर."

महिनाभर ओरडून बोलायची सवय लागली होती, ती एका दिवसात जाणार कशी!

"वन्सं, आता येतंय का नीट? ओव्हर."

"व्हय, घरात बसल्यावानी. कुटं हुता इतके दिस?"

"इथेच होते. खारीने केबल खाल्ली. ओव्हर."

"काय खाल्लं?"

"केबल!"

"तिला बिचारीला तुमच्या घरात दुसरं कायबी मिळालं नसंल. मी म्हायेरी येते तवा माझंबी तेच हुतंय. ओव्हर."

केमच्या मास्तरांनी हे सगळं ऐकलं, आणखी कुणी कुणी ऐकलं असेल ते देवाला ठाऊक. मागे मुलगा हसत होता. मी वळून बघितलं नाही, पण खुर्चीची पाठ हलत होती. मी बटण दाबलं आणि वन्संना आधी माडग्याची बरोबर कृती सांगितली. महिनाभर पोटात होती.

सोमवारी सोलरवाले आले. त्यांच्यातल्या एकाने पाईपला हात घातला आणि विचारलं, "साहेब, हे काढायचं ना?"

"नाही," मुलगा म्हणाला. "ते चालू आहे." मग तो त्यांच्याबरोबर उन्हात उभा राहून सावली कुठे पडते ते बघत बसला. दोन पॅनेल जिन्याच्या छतावर गेली, बाकीची पाईपच्या दोन बाजूंना.

आता सगळं ठीक आहे. म्हणजे जवळजवळ. ऊन वर चढलं की सेटमध्ये एक बारीक गुणगुण सुरू होते, भुंगा डब्यात कोंडल्यासारखी. ढग आला की ती खाली येते, ढग गेला की पुन्हा वर. मी दोन दिवस नुसती ऐकली, मग मुलाला बोलावलं.

"आई, तो सोलरचा इन्व्हर्टर नवाकोरा आहे. त्याला काहीही झालेलं नाही."

"मी कुठे म्हणते झालंय? फक्त एकदा बंद करून बघ."

"आणि गुणगुण गेली तर?"

"तर ती कुठल्या वायरीतून येते ते शोधू. तारेला काही होत नाही, तुझ्या पॅनेललाही नाही."

तो थोडा वेळ सेटकडे कान देऊन उभा राहिला. "आत्ता जरा वाढली का?" त्याने विचारलं.

"ढग गेला असेल."

तो खिडकीपाशी गेला, वर बघितलं, आणि जिन्यातल्या इन्व्हर्टरच्या स्विचकडे निघाला. मी आवाजाचं बटण वाढवलं.